याडीनं कातड्याचा सरस वाळवला

याडी गेली. आमच्या तांड्यात आईला याडी म्हनतात. धुरपताबाई नाव तिचं. तिची एक गोष्ट सांगते.

२००७-०८ ची गोष्ट. बापानं शेततळ्यात पंगस मच्छी सोडली व्हती. हिंगोलीच्या हॉटेलवाल्याला कातडं काढलेले तुकडे लागायचे, कातडं आमच्या दारात पडायचं. पुरलं तरी कुत्रे उकरायचे. तांड्याचे नायक वसराम बापू दारात येऊन म्हनले, "वास बंद करा, न्हाईतर मच्छी बंद करा."

याडी म्हनली, "मच्छी बंद व्हनार न्हाई."

मच्छीपालनाच्या शिबिरात तिनं ऐकलं व्हतं का कातड्यातून जिलेटीन निघतं, म्हंजे जेलीत घालतात तो खायचा सरस. कातडं चुन्याच्या निवळीत भिजवायचं, धुवायचं, लिंबू पिळलेल्या पान्यात ठिवायचं, मंग मंद आचेवर. उकळी येऊ द्यायची न्हाई. गाळलेला रस थंडीत थिजतो.

हिवाळा व्हता, रस मस्त थिजला. मंग तिनं कुरडया-पापडावानी बाजेवर प्लास्टिक अंथरून भर उन्हात वाळू घातला. दुपारी पाह्यलं तर सगळा पातळ होऊन बाजेखाली गळालेला. शेजारची भिकाबाई म्हनली, "धुरपता, तुहा पापड तर पळून गेला वं."

याडी हसली न्हाई. म्हनली, "ऊन याला सोसत न्हाई. मलाच समजलं न्हाई."

बाप म्हनला, "काहून जीव जाळून राहिली? तळंच विकून टाकू."

"तळं खोदताना मातीच्या पाट्या म्या वाह्यल्या. तुमी कोन विकनारे?"

दुसऱ्या खेपंला तिनं थिजलेल्या सरसाच्या पातळ पट्ट्या कापल्या, सपरात, छपराखालच्या सावलीला जाळीवर टाकल्या, वाऱ्याच्या तोंडाला. वाळल्या, पन वास राह्यला. तिसऱ्या खेपंला कातडं धूधू धुतलं, हाताची सालं निघाली. त्या पट्ट्या काचेवानी कडक झाल्या.

नायकाला बोलावून एक पट्टी हातात दिली. त्यांनी नाकाला लावली, मोडली, परत हुंगली.

"मच्छीचंच हाय का हे?"

"व्हय बापू."

"दारात कातडं साचू द्यायचं न्हाई मंग."

"न्हाई साचनार." तवाच ती चुना कालवाया बसली.

मच्छी बंद झाली न्हाई. याडी गेली त्या दिवशीबी सपरात पट्ट्या वाळून राहिल्या व्हत्या. म्या त्या काढून डब्यात भरल्या. काल हॉटेलवाल्यासाठी मच्छी कापली, अन कातडं म्या भिजू घातलं.