शिवलीलाने सही केली नाही

गदगच्या आमच्या अंधशाळेत शिवलीला हडपद चौदा वर्षं संगणक सांभाळते. बुटकी, हसरी, चालताना चपला फटफटवणारी. वीज जाऊन संगणक मध्येच बंद पडला, तर पुन्हा सुरू होताना तो आधी आपली डिस्क तपासून घेतो. तोवर ती कुणाला जवळ फिरकू देत नाही. "पडलेलं माणूससुद्धा आधी हातपाय चाचपतं, मास्तर," ती मला सांगायची.

यंदा बारावीच्या अकरा मुलींसाठी मी इतिहासाचं पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित केलं. एकतीस धडे. दसऱ्याची सुट्टी संपताच परीक्षा. आयुधपूजेच्या सकाळी शिवलीला शेवटच्या चार धड्यांतला माझा खोकला काढून ते साठवत होती. तेवढ्यात कार्यवाह मल्लनगौडर हार घेऊन आले.

"सर, वीस मिनिटं थांबा."

"अगं, मुहूर्त टळतोय. यंत्राला वर्षातून एक दिवस विश्रांती नको?"

"द्या की विश्रांती. पण तोंडातला घास तरी गिळू दे त्याला."

सगळे हसले. ती खाली पूजेचा कोहळा आणायला गेली आणि मल्लनगौडरांनी स्वतःच्या हातानं मेन स्विच ओढला. वीज गेल्यावर संगणक चालवणारी बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेलेली. तिच्यासाठी केलेले शिवलीलाचे सहा अर्ज यांच्याच टेबलावर!

हळदकुंकू झालं, हार घातला, स्विच वर गेला. पडद्यावर आलं : डिस्क तपासायची आहे, टाळायची असल्यास कुठलंही बटण दाबा. विश्वस्त पूजेचे फोटो साठवायला खोळंबले होते. मल्लनगौडरांनी कुंकवाच्याच बोटानं बटण दाबलं.

कोहळा घेऊन वर आलेली शिवलीला पडद्याकडे बघून थबकली.

"तपासणी कुणी टाळली?"

मल्लनगौडर बोटावरचं कुंकू पुसू लागले.

"आता यावर एक अक्षर लिहायचं नाही. हरवलेल्याच्या जागी नवं बसलं की जुनं कायमचं गेलं."

तिनं संगणक नीट बंद केला, डिस्क काढली, तिची जशीच्या तशी नक्कल दुसरीवर उतरवली आणि दुरुस्ती नकलेवरच केली. मूळ डिस्कला हात नाही. सुट्टीचे तीन दिवस त्यात गेले. सत्तावीस धडे सुखरूप निघाले. उरलेल्या चारांची नावं होती, तारखा होत्या, आत मात्र काहीच नव्हतं.

मल्लनगौडर यादीवर बोट फिरवत म्हणाले, "एकतीसच्या एकतीस आहेत की! गेलं काय?"

तिनं त्यांच्या कानाला हेडफोन लावला.

"काहीच ऐकू येत नाही."

"मुलींनाही हेच ऐकू येणार, सर."

तरी त्यांचा अहवाल तयार झाला : 'यंत्रातील बिघाड. हानी नाही.' यंत्रातील बिघाड! त्या बिचाऱ्यानं विचारलं तरी होतं. माणसानं तेवढंही केलं नाही. तीस वर्षं मी मुलांच्या खोट्या सबबी ऐकल्या, पण इतकी निलाजरी एकही नव्हती.

शिवलीलाने सही केली नाही.

"नोकरी जड झालीय का तुला?"

"नोकरी हवीय सर. खोटं जड झालंय."

तिनं तो अहवाल वसतिगृहात नेऊन मुलींना वाचून दाखवला. रेणव्वा नावाची मुलगी म्हणाली, "अक्का, खरं काय ते आम्ही लिहितो." अकरा जणींनी ब्रेलमध्ये पान टोचलं : चार धडे गेले, तपासणी माणसानं टाळली, परीक्षा पुढे ढकला, बॅटरी आणा.

पान विश्वस्तांपुढे गेलं. बैठकीत एकालाही ब्रेल येत नव्हती. शेवटी शिवलीलालाच आत बोलवावं लागलं. तिनं उभं राहून एकेक ओळ मोठ्यानं वाचली, मल्लनगौडरांच्या देखत. मी तेव्हा शेजारच्या खोलीत अठ्ठाविसावा धडा ध्वनिमुद्रणासाठी पुन्हा वाचत होतो. तिचा आवाज भिंतीतून येत होता, म्हणून थांबलो.