आमचं पहिलं पान आणि त्याचा मालक

पहिलं पान सापाला भीत नसे. आमच्या हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात पेंढ्याच्या ढिगातून नाग निघाला, तेव्हा आम्ही आठ बाया एका स्टुलावर उभ्या होतो. स्टूल अजून आहे, येऊन बघा. या माणसानं डाव्या हातातला चहाचा कप तसाच धरून उजव्या हातातल्या काठीवर नाग उचलला, शेताच्या तिसऱ्या बांधापलीकडे सोडला आणि परत येऊन चहा प्यायला. चहा कढत होता असं मी सांगते, तुम्ही कोमट धरा. पण हाच माणूस लॅपटॉप उघडण्याआधी चपला काढून ठेवायचा, कॅमेऱ्याच्या भोकावर माझ्या पाकिटातली टिकली चिकटवायचा आणि आवाज इतका खाली आणायचा की पुढचं ओठांवरून ओळखावं लागे. सगळं जग ज्याच्यात दुकानं शोधतं, त्या शोधयंत्राचं नाव त्यानं माझ्यासमोर कधी घेतलं नाही. ‘मालक’ म्हणायचा. "हळू बोला ताई. मालकाचं लक्ष हाय."

माणूस रोह्याचा. उंची सहा फूट, मिशी धरून सात. कंपनीत शिफ्ट करायचा. तिथलं त्याचं खातं बंद होऊन नोकरी गेली तेव्हा पुस्तकं आणून, व्हिडिओ बघून वेबसाइट बनवायला शिकला आणि रोहा ते पेण गाडीनं दारोदार फिरायला लागला. "तुमचं नाव पयल्या पानावर आणतो," एवढं एकच वाक्य घेऊन फिरायचा, म्हणून सगळे त्याला ‘पहिलं पान’ म्हणत. मी त्याला विचारलं, दुसऱ्या पानावर नाव आलं तर काय बिघडतं? कोणी ‘शाडूची मूर्ती, पेण’ असं शोधलं की दहा नावं पुढं येतात, अकरावं दुसऱ्या पानावर. तो म्हणाला, "दुसरं पान म्हंजे स्मशानामागची जागा, ताई. जागा मोकळी हाय, पन फिरायला कोन जातंय?"

वर आणायची त्याची युक्ती अशी. एका वेबसाइटनं दुसरीचं नाव आपल्या पानावर द्यायचं, त्यावर बोट ठेवलं की माणूस तिकडे पोचतो. याला लिंक म्हणतात. जितके लोक तुमचं नाव घेतील तितके तुम्ही मोठे, असं मालक धरून चालतो. तेव्हा तुम्ही माझं नाव घ्या, मी तुमचं घेतो. आता हे दुसऱ्या कोणी केलं असतं तर दोन-चार नावांवर भागवलं असतं. पण आमच्याकडे लग्नपत्रिकेत एका चुलत मामाचं नाव राहिलं तर तीन पिढ्या एकमेकांच्या दारात उभ्या राहत नाहीत. त्या धाकानं पहिल्या पानानं प्रत्येक साइटच्या तळाशी पत्रिकेसारखी यादी लावली. वर ‘आमचे स्नेही’, खाली रोह्याची पोह्याची गिरणी, पेणचे पापडवाले, दाताचे डॉक्टर, टायर पंक्चरवाला, धरमतरला बार्जची इंजिनं दुरुस्त करणारा, आणि असे चाळीस. चाळिसांच्या तळाशी चाळीस जण. नवं गिऱ्हाईक आलं की सगळ्या पत्रिका नव्यानं छापायच्या.

आणि चाललं की हो. वर्षाच्या आत आम्ही पहिल्या पानावर. परदेशातल्या मराठी मंडळांच्या मागण्या मार्गशीर्षापासून यायच्या, मूर्ती फाल्गुनात बोटीत चढायच्या. एक गृहस्थ तर दाढ काढायला डॉक्टर शोधत होते, ते यादीवरून घसरत आमच्याकडे आले आणि दीड फुटाची मूर्ती सांगून गेले. दाढ अजून तोंडात आहे म्हणतात.

पण आम्ही जसजसे वर गेलो तसा तो सुकत गेला. रोज सकाळी दात घासायच्या आधी चाळिसांची चाळीस नावं शोधून बघायचा. "चढताना भीती नाय वाटत," म्हणायचा, "वर बसल्यावर वाटते." मालकाला ही अदलाबदल आता आवडत नाही, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांचं नाव घेतलं तर हरकत नाही, पण वर चढण्यासाठी टोळी करून घेतलं तर ती लबाडी.

"मग काढून टाका नावं," मी म्हटलं.

"कोनाचं काढू? तुमीच सांगा. पंक्चरवाल्याचं? तो माझ्या पोरीच्या लग्नात वाढायला उभा व्हता."

 मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि लॅपटॉप त्याच्याकडे परत सरकवला.

त्या मार्गशीर्षात एका सकाळी मी आमचं नाव शोधलं. पहिल्या पानावर नाही. दुसऱ्यावर नाही. नवव्या पानापर्यंत गेले, तिथं कोणी घोड्याच्या नाला विकत होता, आम्ही नव्हतो. माझ्याकडे सात जणी रंगकामाला. पौषापर्यंत बाहेरच्या मागण्या आल्या नाहीत तर त्यांना घरी बसा म्हणून सांगावं लागणार होतं, आणि ते सांगणारं तोंड माझं होतं.

पहिलं पान दुपारच्या गाडीनं आलं. चपला काढल्या, टिकली लावली, घराच्या मागच्या खोलीत शिरावं तसा साइटच्या आतल्या कारभारात शिरला. तिथं मालकाचा निरोप पडला होता. तो त्यानं उभ्यानं वाचला आणि खाली बसला.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"लिंका अनैसर्गिक हायेत म्हनून दंड घातलाय. आनि ताई, ह्यो यंत्राचा निरोप नाय. मानसानं तपासून घातलेला हाय." त्यानं मान वळवून खिडकीकडे बघितलं. "कुठंतरी कोन मानूस बसून आपली यादी वाचून गेला. पंक्चरवाल्यासकट."

तेव्हा माझ्या पाठीतून जे काही सरकलं, ते त्या नागापेक्षा थंड होतं. हे मी फुगवून सांगत नाही.

उपाय एकच होता. आमचं नाव सगळ्यांच्या तळातून काढायचं, सगळ्यांचं आमच्या तळातून, मग मालकाकडे अर्ज करायचा. सगळ्यांना फोन करून झालं, राहिली रोह्याची गिरणीवाली मावशी. हिनंच कंपनी सुटल्यावर त्याला पहिलं काम दिलेलं. तिला फोनवर सांगायची त्याची छाती नव्हती. मला साक्षीला घेऊन गेला. गाडीला पेण यायच्या आतच तो घामाघूम.

मावशी पोह्याच्या ढिगाशी सूप घेऊन बसली होती. यानं दारातूनच सगळं सांगितलं. सूप थांबलं.

"म्हंजे माजं नाव काढतोस?"

"काढावं लागतंय, मावशी."

"मी काय केलं?"

"कायपन नाय केलं."

"मग ह्यो तुजा मालक माज्या गिरनीवर कदी आलाय का? माजे पोहे खाल्लेत त्यानं?"

"नाय."

"मग त्याला काय कळतं रे?" मग ती माझ्याकडे वळली. "आनि गो बाय, तू पन ह्याच्यासंगं आलीस? मूर्तीवाली तू, तुला भ्या कसलं?"

मी सातजणींचं सांगितलं. मावशीनं सूप बाजूला ठेवलं, पहिल्या पानाकडे नीट बघितलं. "काढ," म्हणाली. "पन माजं नाव काढताना हात थरथरू देऊ नको. चुकून गिरनीच पुसशील."

त्यानं तिथंच ओट्यावर बसून काढलं. उजवं मनगट डाव्या हातानं घट्ट धरून. निघताना मावशीनं पोहे दिले नाहीत. रोह्यात गिरणीवरून रिकामं परतणं म्हणजे काय, ते त्याच्या चेहऱ्यावर पेणपर्यंत होतं.

अर्ज गेला. आठवडे गेले. पौष उजाडला, बाहेरची एकही मागणी आली नाही. तिघींना मी घरी बसा म्हणून सांगितलं. कसं सांगितलं ते इथं रंगवणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून पहिलं पान सकाळच्या गाडीनं हमरापूरला उतरायला लागलं. न विचारता पॉलिश पेपर घेऊन मूर्ती घासायला बसायचा. मी म्हटलं, तुम्ही कशाला? "तिघी कमी हायेत ना," एवढंच म्हणाला. फक्त मी डोळ्यांच्या आखणीचा ब्रश उचलला की तो उठून पडवीत जायचा. डोळे आखले की मूर्ती बघायला लागते, आणि आता कोणी बघितलेलं त्याला सोसत नव्हतं.

फाल्गुनाच्या शेवटी, बोट निघून गेल्यावर, मालकाचं उत्तर आलं, दंड काढला म्हणून. मी विचारलं, आता वर येऊ? तो घासत राहिला. "तिसऱ्या पानावर हाय. वर आपन लिंकांच्या खांद्यावर व्हतो, ताई. खांदे गेले. आता एकमेकांना उचलून कोन वर जात नाय."

मग चैत्रात परदेशातून एका बाईची मागणी आली, एकच मूर्ती, भाऊ येताना हातातून नेणार होता. तिनं आपल्या वेबसाइटवर आमच्या जुन्या मूर्तीबद्दल पानभर लिहिलं होतं आणि खाली आमची लिंक दिली होती. पहिलं पान ते बघून पांढरं पडलं. फौजदारासारखं विचारत सुटला. ही बाई कोण? तुम्ही सांगितलं तिला? बदल्यात काय दिलं? कायच नाय? नक्की? मी बाप्पाची शपथ घेतली तेव्हा कुठं त्यानं ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "डोळ्यांबद्दल लिवलंय," म्हणाला. "तुमी आखलेल्या." मग तेवढीच ओळ परत वाचली. त्या बाईच्या लिहिण्यानं नंतर आणखी चार मागण्या आणल्या. आषाढात तिघींपैकी दोघी परत आल्या.

तोवर तो इथं नव्हता. वैशाखातच मुलीकडे नाशिकला कायमचा गेला. जायच्या दिवशी त्या बाईचीच मूर्ती आखणीला होती. मी ब्रश ओला केला आणि तो उठेल म्हणून थांबले. तो बसून राहिला, मूर्तीच्या अगदी समोर, मांडीवर दोन्ही पंजे दाबून.

"आज बाहेर नाही?"

"नाय. आखा तुमी."

मी उजवा डोळा आखला. त्याच्या कपाळावर घाम आला, मिशीत उतरला. ब्रश उचलून मी पुन्हा त्याच्याकडे बघितलं.

"थांबू का थोडं?"

"नको," तो म्हणाला, नेहमीच्या त्या खालच्या आवाजात. "दुसरा पन आखा. बघू दे त्याला पुरतं."