कुशीला पडणारा दगड

अंथुर्ण्याच्या झुंबरला गोफणीचे दगड कळायचे. बाकी फार काही कळायचं असं नाही. बायको ठमाबाई म्हणायचीच, "ह्यास्नी माणसापरीस धोंडा बरा वळखू येतो." पण दगडाच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे देवाचा कौल. उन्हाळ्यात भीमेचं पाणी उतरलं की तो पळसदेवला जाऊन वाळवंट पालथं घालायचा, पिशवीभर गोटे आणायचा आणि परातीत एकेक गडगडवून बघायचा. कधी या अंगावर, कधी त्या अंगावर थांबला, तर दगड खरा. दर खेपेला एकाच कुशीवर बसला, तर भार एकीकडं. असला दगड दिसायला अंड्यासारखा गोल, पण लांब फेकला की वाट सोडणार म्हणजे सोडणार.

इंग्रज जाऊन सुराज्य आलं, त्याला सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. कळसच्या जत्रेत गोफणीची शर्यत लागायची. ओढ्यापल्याड बाभळीला मडकं टांगायचं, ज्याच्या त्याच्या वाट्याला एकच दगड, आणि मडकं फोडील त्याला फेटा. गेली काही वर्षं फेटा झुंबरचाच होता, आणि गड्याला त्याची चटक लागली होती.

जत्रेच्या आदल्या दिवशी गेणू आला. लहानपणी दोघांनी एकत्र मेंढरं राखलेली. गेणू अजून राखत होता.

"थोरला भाऊ म्हणतो, तुझा नेम गेला," गेणू म्हणाला. "औंदा लांडग्यानं कोकरं नेली न्हवं. उद्या मडकं फुटलं तर मेंढरं माझ्याकडं ठेवील, न्हायतर त्याच्या पोराकडं देईल नि मला उसाला पाणी धरायला लावील. दगड तेवढा तू निवडून दे, झुंबर."

मेंढक्यांत रीत अशी, की मागितलेला दगड नाकारायचा नाही आणि दिलेला दगड पारखायचा नाही. पारखणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं. आता गेणूचा नेम गेला नव्हता, हे झुंबरइतकं कुणाला ठाऊक? दगड खरा मिळाला तर तो आपल्याहून सरस आहे हेही ठाऊक. त्यानं पिशवीत हात घातला, कुशीला पडणारा एक देखणा गोटा काढला आणि गेणूच्या हातावर ठेवला. गेणूनं तो कपाळाला लावला. केसानं गळा कापतात तो असा!

जत्रेत गेणूची पाळी आधी आली. गोफण गरगरली, दगड सुटला, निम्म्या वाटेवर डावीकडं झुकला आणि मडक्यापासून हातभर लांबून गेला. लोक हसले. थोरला भाऊ कुंडलिक हसला नाही, नुसता खाली बघत राहिला.

"दगडाला बोल न्हाय," गेणू सगळ्यांना सांगत होता. "दगड झुंबरचा हुता. माझा हातच गेला."

मग झुंबरनं मडकं फोडलं. हलग्या वाजल्या. हरलेल्यांतल्या एकानं जिंकलेल्याला फेटा बांधायचा, म्हणून गेणूच पुढं आला आणि हसतमुखानं फेटा बांधायला लागला. त्याची बोटं कानाला लागली तशी झुंबरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे त्याला कळलं.

"गेणू, त्यो दगड खोटा हुता. मी जाणूनबुजून दिला."

गेणूचे हात थांबले. त्याचे डोळे भरून आले. "बघा रं," तो लोकांकडं वळून म्हणाला, "मला हलकं वाटावं म्हणून सवताच्या अंगावर घ्यायलाय. असा दोस्त मिळायचा न्हाय."

"आरं, खरं सांगतोय मी."

"गप. तुझ्या तोंडाला खोटं शोभत न्हाय."

लोकांच्या तोंडून 'वा, वा' निघालं. झुंबरला कुणाच्या नजरेला नजर देण्याची सोय राहिली नाही. अर्धा बांधलेला फेटा काढून त्यानं हातात घेतला आणि तडक कुंडलिकसमोर जाऊन उभा राहिला.

"तात्या, देवाशपथ सांगतो, नेम गेला न्हाय त्याचा. मीच फसवलं त्याला. मेंढरं काढू नका त्याच्याकडनं."

कुंडलिकनं मायेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमची दोस्ती ठावं हाय मला, झुंबर," तो म्हणाला. "पण लांडगा दोस्ती बघत न्हाय."