चंदाची डुगडुगी

धुळ्याला मामाच्या दुकानात कामाला लागायचं म्हणून चाळीसगाव स्टेशनात आलो, आणि बसलो भुसावळच्या गाडीत. माझं हे असंच होतं. फलाटावर एका केळीवाल्याने सांगितलं, की पूर्वी आमच्या गल्लीत अस्वल घेऊन यायचे ते रहिमचाचा दरवेशी आता रावेरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी झोपडी बांधून राहतात. मग म्हटलं, धुळं काय कुठे पळून जातंय.

चंदा हे त्या अस्वलीचं नाव. पोरांची भीती जावी म्हणून आया त्यांना तिच्या पाठीवर बसवायच्या आणि तिचा केस ताइतात घालून गळ्यात बांधायच्या. माझा ताईत अजून आहे. चाचांनी डुगडुगी वाजवली की चंदा दोन पायांवर नाचायची, मग माझ्यापुढे येऊन पाठ वाकवायची. इतरांपुढेही वाकवत असणार, पण ते मला आठवत नाही.

कुणाला जायचं असेल तर भुसावळला गाडी बदलावी लागते. रावेरहून पुढे केळीच्या बागांतून बैलगाडी, तीही गाडीवानाच्या मर्जीने. आमच्या गाडीवानाने वाटेत आपल्या बहिणीकडे गाडी सोडली. कपाशीच्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मी तिथेच राहिलो असतो.

चाचा दारात खाटेवर बसले होते.

"कोना पोऱ्या शे रे तू?"

मी ताईत दाखवला.

"एवढा घोडा झाला, अन् अजून गळ्यात?" चाचा हसले.

"चंदा कुठंय?"

"सोडी दिधी." त्यांनी डोंगराकडे हात केला. नाकातली दोरी आधी दोनदा काढली, तर दोन्ही वेळा ती संध्याकाळी भाकरीला परत आली. या खेपेला चार दिवस झाले, आली नव्हती.

"तिचे दात तर तुम्ही काढलेले. खाईल काय?"

"वाळवी. वाळवी खावाले दात लागतस का?" मग म्हणाले, "लहान व्हती तवय काढले. लई रडली. नंतर नाचाले लागली, तर लोक हसले. मी बी हसलो."

ते घागर घेऊन विहिरीवर गेले. खुंटीला डुगडुगी होती. किती वर्षांनी तो आवाज ऐकणार, म्हणून हातात घेतली. हलवली.

बोरीच्या जाळीत खसखस झाली आणि चंदा बाहेर आली. हडकलेली, नाकावर जुनी जखम. ती दोन पायांवर उभी राहिली. झोकांड्या खात दोन गिरक्या घेतल्या, माझ्यासमोर आली आणि पाठ वाकवली.

चाचा घागर घेऊन मागे उभे होते. रागावले नाहीत. "म्हंजे चार दिन जवळच व्हती," एवढंच बोलले. चाकूने डुगडुगीच्या कातड्यांवर आपटणाऱ्या दोन्ही दोऱ्या गाठींसकट कापल्या आणि ती माझ्या हातात दिली.

"ने. लांब ने."

"आणि ही?"

"आता भाकर देवाव नही. जाई मंग."

बैलगाडी वळली तेव्हाही ती तशीच वाकलेली होती. पाठीवर कुणी बसायची वाट पाहत.

पुढे ती रानात गेली की नाही, मला कळलं नाही. घरी आईने विचारलं, "चंदाने ओळखलं का रे तुला?"

"डुगडुगी ओळखली," मी म्हटलं.

डुगडुगी कोनाड्यात आहे. तिला दोऱ्या नाहीत, गाठी नाहीत. तरी उचलताना मी तिच्या दोन्ही कातड्यांवर बोटं दाबून धरतो.