केसरचं जहाज

भूतबीत, करणीबिरणी मी मानत नाही. आमच्या कराडकडे अमावास्येला रस्त्यात लिंबू पडलेलं दिसलं की बायका वळसा घालून जातात... मी उचलून आणून सरबत केलेलं आहे. त्यामुळे पुढचं वाचून "मावशी, या गावाकडच्या गप्पा" म्हणून हसू नका. मला स्वतःलाच अजून या प्रकाराचा राग येतो.

मी सिंगापूरला एका मराठी कुटुंबाकडे घरकामाला आहे. क्वीन्सटाउनमधला जुना ब्लॉक, चौथा मजला. लिफ्टमधून बाहेर आलं की लांब उघडा कॉरिडॉर आणि लगेच डाव्या हाताला आमचं दार. ताई पुण्याच्या, आयटीत मॅनेजर. दादा सारखे टूरवर. मुलगी सानिका, तेव्हा सेकंडरी थ्रीला, म्हणजे आपली नववी. माझी शाळा नववीत अर्ध्यावर सुटली, पण या घरात "तुला काय कळतंय" असं मला कुणी कधी म्हटलं नाही. ताईंचे उपकार किती सांगू... माझी लेक कराडला आईकडे राहून बारावी करत होती, ती या नोकरीच्या जिवावर.

तर २०१५ साल, चायनीज न्यू इयरच्या आधीचे दिवस. माझं वर्क परमिट त्याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं आणि ताईंनी अजून काही केलं नव्हतं. मी आधीच धास्तावलेली. भांडं जरा जोरात आपटलं तरी वाटायचं, झालं, आता पाठवतात परत.

त्यात घरात जर्मन घुसलेले. सानिकाची टेस्ट होती, जर्मनीच्या इतिहासावर. मोठ्याने कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिच्या डोक्यात काही राहत नाही, आणि ऐकायला मी. पोळ्या लाटता लाटता मी बिस्मार्क ऐकायचा! एका राजाचं नाव फ्रेडरिक, दुसऱ्याचं विल्हेल्म, तिसऱ्याचं फ्रेडरिक विल्हेल्म...

मी म्हटलं, "अगं, यांच्या बारशाला नाव ठेवायला आत्या नव्हत्या का?"

"मावशी, फोकस लाह! मग काय्झर वॉर हरतो आणि पळून जातो. व्हेअर?"

"हॉलंडला. लाकडं फोडायला."

"गुड!"

आणि याच दिवसांत तो माणूस.

मी दुपारी बाजारातून यायचे, तेव्हा आमच्या मजल्यावर लिफ्टसमोर उभा असायचा. पंचविशीचा, वाळलेला, धुळकट खाकी कपडे, डोक्याला फेटा. पोटऱ्यांना घट्ट पट्ट्या गुंडाळलेल्या — मला वाटलं लागलंय बिचाऱ्याला. ब्लॉकमध्ये लिफ्टचं काम चालू होतं, म्हटलं त्यातलाच कामगार असेल, उत्तरेकडचा.

पहिल्यांदा त्याने अदबीने विचारलं, "बहन, केसर का जहाज आया क्या?"

मी म्हटलं, "भैया, इधर जहाज नहीं आता, इधर लिफ्ट आता है."

दुसऱ्या दिवशी तेच. केसर का जहाज. मी म्हटलं, "अरे, केसर लिटल इंडिया में मिलता है. बस पकडो, जाओ." त्याला बस कळेना. तिसऱ्यांदा तर मी घरातल्या डबीतल्या चार काड्या कागदात बांधून नेल्या, म्हटलं घे बाबा आणि सोड मला. त्याने पुडीकडे बघितलंसुद्धा नाही. "केसर का जहाज, बहन. बोले थे आएगा." माझं डोकंच फिरलं. हातात पिशव्या, वरण टाकायचं राहिलेलं, आणि हा आपला जहाज! रोज मी त्याच्यावर ओरडायचे, रोज तो तितक्याच शांतपणे विचारायचा.

मग पलीकडच्या चायनीज आंटीने ताईंना गाठलं. "युअर हेल्पर आह, एव्हरी डे स्कोल्ड द वॉल. नोबडी देअर वन!"

ताईंनी मला समोर बसवलं. "कल्पना, बरं वाटतंय ना तुला? घरची फार आठवण येते का? असं कर, जाऊन ये कराडला. मग बघू परमिटचं."

प्रेमानेच म्हणाल्या. पण "मग बघू" म्हणजे काय ते कळायला शाळा लागत नाही.

"ताई, आईशपथ माणूस आहे तिथे! मी भिंतीशी कशाला बोलू? केसरचं जहाज आलं का विचारतो मेला."

"केसर जहाजाने कशाला येईल?" ताई हसल्या. मग हसता हसता थांबल्या. "नीट आठव. केसर म्हणतो की कैसर?"

"काय फरक आहे?"

"सानिकाचा काय्झर आहे ना, जर्मनीचा बादशहा, त्याला आमच्या मराठी पुस्तकात कैसर म्हणायचे."

माझी नववी अर्धीच झाली. तो धडा आला असेल-नसेल, कोण जाणे. पण शेजारी अभ्यास करत बसलेल्या सानिकाने पेन खाली ठेवलं. "मम्मा, अ‍ॅलेक्झांड्राला बॅरॅक्स होत्या ना, इंडियन सोल्जर्सच्या? फर्स्ट वर्ल्ड वॉरमध्ये? चायनीज न्यू इयरलाच त्यांनी ब्रिटिशांविरुद्ध बंड केलं. जर्मन शिप येऊन आपल्याला घरी नेईल, असं त्यांना वाटत होतं. जर्मन कैद्यांना सोडवलं, म्हणाले या आमच्याबरोबर. बरेच जर्मन आलेच नाहीत, काही आपापले पळाले. अँड देन द ब्रिटिश शॉट द सोल्जर्स."

"पुरे," ताई म्हणाल्या. "टेस्टचं वाच."

अ‍ॅलेक्झांड्रा आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं.

दुसऱ्या दिवशी न्यू इयरची सुट्टी, ताई घरीच. मी कोथिंबीर घेऊन लिफ्टमधून बाहेर पडले. हा उभा! "बहन, कैसर का..."

मी पिशवी खाली आपटली.

"नहीं आएगा! सुनो, तुम्हारा कैसर हार गया! गद्दी छोड के हॉलंड भागा, उधर लकडी फोडता बैठा. उसके बाद दूसरा आया, मूंछवाला. सब दुनिया को आग लगाया, वो भी हार गया. देश का दो तुकडा हुआ, बीच में दीवार बांधा, फिर दीवार भी तोडा. अब सब ठीक है उनका. तुम्हारे वास्ते जहाज-बिहाज किसी ने भेजाच नहीं! अब जाओ अपने घर. तुम्हारे वजह से मेरा परमिट जाएगा!"

सगळा जर्मनीचा इतिहास एका दमात. सानिकाने ऐकलं असतं तर मिठीच मारली असती.

तो ऐकत राहिला. शेवटपर्यंत. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. मग अगदी हळू म्हणाला, "तो हमको घर कौन ले जाएगा?"

मागे लिफ्टचं दार वाजलं म्हणून मान वळवली, लिफ्ट रिकामी. परत बघते तर समोर नुसती भिंत.

आणि डावीकडे आमच्या दारात ताई उभ्या. कधीपासून, माहीत नाही. चेहरा पांढराफटक.

"कल्पना... तू ओरडत होतीस ते ऐकलं मी. पण शेवटी ते 'घर कौन ले जाएगा'... ते कोण म्हणालं?"

"तुम्हाला ऐकू आलं?"

"पुरुषाचा आवाज होता," ताई म्हणाल्या. आणि मग लगेच, "शेजारी टीव्ही चालू असेल."

शेजारचे आदल्या दिवशीच मलेशियाला गेले होते, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. त्याच संध्याकाळी ताईंनी लॅपटॉप उघडून माझं परमिट रिन्यू केलं. त्यानंतर हा विषय घरात कधी निघाला नाही आणि तो माणूसही दिसला नाही.

तो कोण होता, मलाच का दिसायचा, ताईंना नुसता आवाजच का ऐकू आला — मला काही कळलेलं नाही, आणि कळून घ्यायचा कंटाळा आलाय. पण लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकताना अजून धाकधूक होते. उद्या तो परत उभा राहिला आणि तेच विचारलं, तर त्याला काय सांगू? कुणाला सुचत असेल तर खाली लिहा.