दिल्लीला गेलेल्या कुबड्या

त्र्यंबकराव आठल्ये डोंबिवलीत आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात राहत. कल्याणच्या रेल्वे यार्डात वाघिणींचे, म्हणजे मालगाडीच्या डब्यांचे, नंबर टिपून घेण्याचं त्यांचं काम होतं. चव्वेचाळीस साली शंटिंग चालू असताना त्यांचा उजवा पाय वाघिणीखाली सापडला आणि गुडघ्याच्या वर कापावा लागला. पुढं रेल्वेनं त्यांना मालधक्क्यावरच्या कचेरीत बसून करायचं काम दिलं. मी तेव्हा शाळेत मास्तर म्हणून नवा लागलो होतो. सकाळी स्टेशनकडे जाताना माझी आणि त्यांची रोजची सोबत असे.

ठाकुर्लीच्या दगडू सुतारानं त्यांना सागवानी कुबड्या करून दिल्या होत्या. काखेत रुतू नयेत म्हणून वरच्या आडव्या दांडीवर त्यांच्या पत्नी उत्तराबाई यांनी जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. खाली लॉरीच्या टायरचे तुकडे ठोकलेले. बाहेरून आले की त्र्यंबकराव पायरीवर बसून आधी पाय धूत, मग दोन्ही कुबड्यांची टोकं धूत आणि नंतरच घरात शिरत. देवळात गेले की कुबड्या बाहेर चपलांशेजारी ठेवीत आणि हातांवर रेटा देत बसल्या बसल्या आत सरकत. रस्त्यावर टेकतात त्या देवापुढं कशा न्यायच्या, असं त्यांचं म्हणणं.

त्या कुबड्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. उत्तराबाई केर काढतानाही त्यांच्या कडेकडेनं केरसुणी फिरवीत. वाटेत कुणी आधाराला हात पुढं केला, तर त्र्यंबकराव रागावत नसत. नुसते थांबून राहत. हात मागं गेला की पुढं निघत. हे समजायला मला काही दिवस लागले. मग मीही हात मागंच ठेवायला शिकलो.

एकावन्न सालच्या थंडीत इंदूरहून तार आली. त्यांचे थोरले बंधू हरिहरराव तिथल्या एका गिरणीत नोकरीला होते. पोटाच्या दुखण्यानं त्यांनी बरेच दिवस अंथरूण धरलं होतं. त्यांच्या मुलानं, गुरुदत्तनं, कळवलं होतं की आता फार वेळ नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानाचं तिकीट सांताक्रूझच्या विमानतळावर ठेवायची व्यवस्था केली आहे. रेल्वेनं खांडव्याला गाडी बदलून जाण्यात दीड दिवस मोडला असता. आमच्या आळीतलं तोवर कुणी विमानात बसलेलं नव्हतं. उत्तराबाईंनी दशम्या बांधून दिल्या आणि विमानतळापर्यंत मी सोबत निघालो.

दादरहून आम्ही टॅक्सी केली. माहीम आल्यावर त्र्यंबकराव बाहेर बघत सांगू लागले. अपघात झाला तेव्हा हरिहररावही कल्याणलाच नोकरीला होते. बातमी कळताच ते यार्डात धावत आले आणि डोलीची वाट न बघता भावाला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत गेले. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता. पाय कापल्यावर शुद्धीत आलेल्या त्र्यंबकरावांनी उशाशी बसलेल्या भावाला काय म्हटलं, ते त्यांनी मला त्या दिवशी टॅक्सीत सांगितलं.

"म्हटलं, कशाला उचललंस? तिथंच पडू द्यायचं होतंस मला."

वर्षभरात हरिहररावांनी इंदूरची नोकरी धरली. दिवाळीला पत्रं येत, जात. त्यांत पीकपाणी, मुलांचे अभ्यास, सगळं असे. हे एक नसे.

"ते परत घ्यायचंय, मास्तर," त्र्यंबकराव म्हणाले. "तेवढ्यासाठी तो असायला हवा."

सांताक्रूझला सामानाबरोबर माणसांचंही वजन करीत. काट्यावर उभं राहायची त्यांची पाळी आली तेव्हा कुबड्या धरून वजन करायचं की सोडून, हे तिथल्या कारकुनाला सुचेना. त्र्यंबकराव शांतपणे म्हणाले, "पायांसकट करा." कारकून हसू की नको अशा चेहऱ्यानं आकडा लिहून मोकळा झाला.

विमान डाकोटा होतं. शेपटीकडं टेकलेलं आणि तोंड वर केलेलं. शिडी मागच्या दाराला होती. त्र्यंबकराव ती आपले आपण चढले. मी कठड्याशी उभा राहून बघत होतो. दारात होस्टेसनं त्यांच्या कुबड्या मागितल्या. वाटेत आडव्या राहिल्या तर कुणीतरी अडखळेल, म्हणून त्या पुढं वैमानिकांच्या खोलीमागच्या कप्प्यात ठेवायच्या होत्या. ते नेहमीसारखे थांबून राहिले. तिचा हात मात्र मागं गेला नाही. शेवटी त्यांनी एक दिली, मग दुसरी. पुढचं मला नंतर त्यांच्याकडून आणि गुरुदत्तकडून कळलं.

आत सगळी चढणच होती. खुर्च्यांच्या पाठी धरत, एका पायावर उडी घेत ते आपल्या जागेपर्यंत गेले. खिडकीतून खाली काय दिसलं, असं आम्ही पुढं त्यांना पुष्कळदा विचारलं. त्यांना काही आठवत नव्हतं. सगळा वेळ ते पुढच्या त्या कप्प्याच्या दाराकडं बघत होते.

इंदूरला उतारू उतरले; विमान पुढं दिल्लीला जायचं होतं. कुबड्या काढायला गेलेली होस्टेस परत आली ती ओशाळलेल्या चेहऱ्यानं. कप्प्यात त्यांच्यावर दिल्लीच्या टपालाची पोती रचलेली होती. पोती उतरवून पुन्हा रचायची, तर वेळ लागणार. तरी माणसं बोलावते, असं ती म्हणाली. तेवढ्यात गुरुदत्त शिडी चढून आत आला. तो वाकून पाया पडला.

"काका, बाबा सकाळपासून दाराकडं बघताहेत," एवढंच तो म्हणाला.

त्र्यंबकरावांनी एकवार पुढं बघितलं. मग होस्टेसला म्हणाले की पोती राहू देत, कुबड्या दिल्लीला जाऊन परत येतील. आणि पुतण्याला म्हणाले, "पाठ कर इकडं."

गुरुदत्त सांगत होता, शिडी उतरताना काकांचं सगळं अंग लाकडासारखं ताठ झालं होतं. मोकळ्या मैदानातून लोकांदेखत तो त्यांना टांग्यापर्यंत घेऊन गेला. काकांनी डोळे मिटून घेतले होते.

घरी हरिहरराव माजघरात पलंगावर होते. आवाज खोल गेलेला, पण शुद्ध स्वच्छ होती. गुरुदत्तनं काकांना पाठीवरून उतरवून पलंगाच्या कडेला बसवलं. हरिहररावांनी भावाच्या चेहऱ्याकडं बघितलं, मग त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं.

"कुबड्या कुठं आहेत?"

"विमानात राहिल्या."

"मग आलास कसा?"

"गुरुदत्तनं पाठीवर आणलं." त्र्यंबकराव म्हणाले. "तू आणलं होतंस तसं. दादा, तू उचललंस ते बरं केलंस."

हरिहररावांनी डोळे मिटले. गुरुदत्तला वाटलं, त्यांना ऐकू आलं नसावं. पण त्यांचा हात पांघरुणातून बाहेर आला, चाचपडत भावाच्या कापलेल्या पायापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. त्र्यंबकरावांनी तो मांडीवरून काढला नाही. दुपारभर ते तसेच बसून होते. कुणी जेवायला उठवायला गेलं तर नुसती मान हलवीत.

हरिहरराव दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

कुबड्या दिल्लीहून चार-पाच दिवसांनी आल्या. एकीच्या दांडीला दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती.

तेराव्यानंतर त्र्यंबकराव परतले, ते रेल्वेनं. मी डोंबिवलीच्या फलाटावर गेलो होतो. त्यांच्या डब्यापासून फलाट बराच खाली होता. इतक्या वर्षांत ते कसे उतरत हे मला पाठ होतं. कुबड्या आधी खाली टेकवायच्या, मग अंग सोडायचं. मी सवयीनं दोन पावलं मागं सरकून उभा राहिलो.

ते दारात आले. चेहरा उतरलेला, डोक्यावर केसांची खुंटं. कुबड्या काखेतून काढून त्यांनी दोन्ही एकत्र धरल्या आणि माझ्यासमोर केल्या. चिठ्ठी अजून लोंबत होती.

"मास्तर, या धरा जरा," ते म्हणाले, "आणि मला हात द्या."

मी कुबड्या डाव्या काखेत घेतल्या. लुगड्याच्या पट्ट्या घामानं काळवंडून कडक झाल्या होत्या. उजवा हात मी वर केला.