खालून कापलेलं फाटक

मंगळवारी मातीकाका ऑफिसात आले नाहीत. अकरा वाजता त्यांच्या मुलीचा फोन आला, काका गेल्याचा. मी ऑफिसला कुलूप लावलं आणि जवाहर नगरला त्यांच्या घरी गेले.

मातीकाका हे नाव जयपुरातल्या मराठी घरांनी ठेवलेलं. काका मूळचे वाईचे. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन इथे आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. मालवीय नगरात एका कोचिंग क्लासच्या वर दोन खोल्या घेऊन त्यांनी माती तपासायचं काम सुरू केलं. दुकानाची किंवा गोदामाची जागा कोणी विकत घेणार असलं, की तिथल्या जमिनीत तेल, रंग, ॲसिड असलं काही मुरलंय का, ते काका शोधायचे. नमुने ते काढायचे, प्रयोगशाळा तपासायची आणि अहवाल मी लिहायचे. मी इतकी पुस्तकं वाचते, तर त्याचा कोणाला तरी उपयोग व्हावा, असं त्यांचं म्हणणं.

काकांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, चपला राहत. रस्त्यात भेटलेल्याच्या पायांकडे बघून ते त्याला नावाने हाक मारत. पंचाईत व्हायची ती गणेशोत्सवात. मंडपात सगळेच अनवाणी. माझे बाबा त्यांना रोज फिरायला भेटायचे, पण एकदा आरतीनंतर काकांनी त्यांनाच अदबीने विचारलं, "आपण जयपूरला नवीन का?" बाबा ते अजून विसरलेले नाहीत. काकांना मात्र त्यात वावगं काही वाटलं नाही. "चेहरे वर असतात. आपलं काम खाली," एवढंच म्हणाले.

कुठल्याही जागेवर गेलो की आधी समोरच्या टपरीवर चहा. त्या गल्लीतला सगळ्यात जुना माणूस शोधायचा आणि इथे आधी काय होतं ते विचारायचं. मालकाला ते शेवटी विचारत. "मालक जागेचा इतिहास सांगत नाही गं, जाहिरात सांगतो." एका दिवसात पाच-पाच चहा व्हायचे. माझं पित्त खवळायचं आणि काकांची वही भरायची.

शास्त्री नगरातली ती जागाही अशीच पाहिली. दोन वर्षं झाली त्याला. रिकामा प्लॉट होता, मागे पत्र्याची शेड. एका बाईंना तिथे लहान मुलांची शाळा काढायची होती. शेड पाडून खोल्या, पुढे खेळायला मातीचं अंगण. चहावाल्याने सांगितलं की तिथे पूर्वी बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान होतं. म्हणजे मातीत शिसं असू शकतं, आणि लहान मुलं मातीत खेळली की हात तोंडात घालणारच. बाईंनी काकांना तेवढंच विचारलं होतं, मुलांना इथे खेळू देऊ की नको.

फाटक धड उघडेना. त्याची खालची कड हातभर कापलेली होती, तरी ते मातीत अडकत होतं. काका पोट आत घेऊन आडवे शिरले आणि मला म्हणाले, "तू वाचतेस फार, खातेस कमी. आज फायदा झाला बघ." शिसं फार खाली उतरत नाही, वरच्या थरातच बसतं, म्हणून त्यांनी गिरमिटाने दीड-दीड फुटाची पाच भोकं पाडली. पाचही नमुने स्वच्छ आले. मी अहवाल लिहिला, काकांनी सही केली, बाईंनी पेढे पाठवले.

चार दिवसांनी मी डबा उघडत होते. काका खिडकीशी उभे होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "ते फाटक खालून कापलेलं होतं ना?"

मी हो म्हटलं.

"फाटक कोण कशाला कापेल? जमीन वर आली म्हणून. आपण भरावाची माती तपासली, पोरी."

तसंच होतं. पावसात रस्त्यावरचं पाणी आत यायचं म्हणून मालकाने बाहेरून माती आणून प्लॉट दोन फूट उंच केला होता. आम्ही तपासली ती कुठल्या तरी शेताची माती. दुकानाची जमीन त्याच्याखाली तशीच पडून होती. काकांनी पुन्हा नमुने काढले, या वेळी खोल. काळपट थर वर आला आणि त्यात शिसं निघालं.

मी सुचवलं की याला पुरवणी अहवाल म्हणू या. इतक्या वर्षांचं नाव होतं त्यांचं. ते गेलं तर या वयात कोण काम देणार होतं? काका चिडले नाहीत. म्हणाले, "पुरवणी म्हणजे आधीचं बरोबर आणि हे जास्तीचं. तसं आहे का?"

मालक भडकला होता. सौदा जमला होता, आणि आता सगळी माती उपसायची. तो टोमणा मारत म्हणाला, "काकाजी, क्लीन रिपोर्ट तो आप ही ने दी थी."

"हां जी. इसीलिए वापस लेने आया हूं," काका म्हणाले आणि त्याच्यासाठीही चहा सांगितला.

माती निघाली, शाळा मात्र एक वर्ष लांबली. गोष्ट बाजारात पसरली आणि आमच्याकडची दोन-तीन मोठी कामं दुसरीकडे गेली. काका त्याबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त नव्या जागेवर गेलो की चहाच्याही आधी फाटकापाशी उकिडवे बसायचे, आणि त्यांना उठवायला मला हात द्यावा लागायचा.

आता शाळेच्या अंगणात मुलं खेळतात. काका नाहीत. दुसरा अहवाल ऑफिसच्या कपाटात आहे. त्याच्या पहिल्या पानावर, मी टाइप केलेल्या मजकुराच्या वर, काकांच्या अक्षरात दोन वाक्यं आहेत: "आधीचा अहवाल चुकीचा होता. तो मी दिला होता."